शंभर दाण्यांचं वजन आणि मोलचा हिशेब

मृग लागायच्या आधी आमच्या घरी सोयाबीनच्या बियाण्याची परीक्षा व्हायची. ओलं गोणपाट अंगणात पसरायचं, त्यावर दहा ओळी, एकेका ओळीत दहा दाणे. मग गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने उघडून कोंब मोजायचे. शंभरातले सत्तर उगवले की बियाणं पेरायला हरकत नाही. पण दाणे गोणपाटावर मांडायच्या आधी बाबा आणखी एक काम करत. ते शंभर दाणे छोट्या काट्यावर तोलत आणि आकडा वहीत लिहीत. साधारण १२ ग्रॅम भरायचे.

त्या एका आकड्यावर पुढचा हिशेब उभा असायचा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी सुमारे ४ लाख ४४ हजार रोपं बसतात. शंभरातले सत्तरच उगवणार, म्हणून दाणे लागणार ६ लाख ३५ हजारांच्या आसपास. शंभराला १२ ग्रॅम या दराने त्यांचं वजन ७६ किलो होतं. हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाण्याची शिफारस शेतकऱ्यांना तोंडपाठ असते. ती कुठून येते, हे त्या वहीतल्या गणितात दिसतं.

सव्वासहा लाख दाणे कोणी मोजत बसत नाही. शंभर मोजायचे, बाकीचे तोलायचे. शेताला दाणे हवेत नगावर, आणि आपल्या हातात आहे काटा. वजनावरून नगांकडे जायचा हा जो रस्ता आहे, तोच रसायनशास्त्रात मोल या नावाने ओळखला जातो. नववीच्या विज्ञानात मुलांना हा धडा अवघड जातो, कारण त्यांच्यासमोर आधी तो अवाढव्य आकडा येतो आणि मागची साधी कल्पना त्याखाली गाडली जाते. म्हणून मी शिकवताना आकडा बराच वेळ बाजूला ठेवते.

आता अडचण बघा. सोयाबीनचे निदान शंभर दाणे तरी हाताने मोजता येतात. अणू तर एकसुद्धा चिमटीत धरता येत नाही. मग सुरुवात कुठून करायची?

इथे खरी युक्ती आहे, आणि ती पुन्हा दाण्यांवरच समजते. समजा टपोऱ्या काबुली हरभऱ्याचे शंभर दाणे ३६ ग्रॅम भरले. म्हणजे हरभऱ्याचा एक दाणा सोयाबीनच्या दाण्याच्या तिप्पट जड. आता मी १२ किलो सोयाबीन एका पोत्यात भरलं आणि ३६ किलो हरभरा दुसऱ्या पोत्यात, तर दोन्ही पोत्यांत दाणे सारखेच असणार. किती असणार? ते सांगायची गरजच नाही. १२ क्विंटल आणि ३६ क्विंटल घेतले तरी दाणे सारखेच. वजनं १ ला ३ या प्रमाणात असली की नग आपोआप जुळतात. एकेका दाण्याचं वजन ठाऊक नसलं तरी चालतं, कोण कोणाच्या किती पट जड एवढं कळलं की पुरे.

अणूंचंही तेच. हायड्रोजनचा अणू १ धरला तर कार्बनचा १२ पट, ऑक्सिजनचा १६ पट, लोखंडाचा ५६ पट आणि सोन्याचा १९७ पट जड भरतो. हे आकडे थोडे पूर्णांकात बसवलेले आहेत, पण इथे तेवढे चालतील. म्हणजे १ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन, १६ ग्रॅम ऑक्सिजन आणि ५६ ग्रॅम लोखंड घेतलं की चौघांतही अणूंची संख्या तीच. या ठरलेल्या संख्येच्या गठ्ठ्याला मोल म्हणतात. नारळ शेकड्यावर, केळी डझनावर, कागद रिमावर आणि अणू मोलवर. सोनाराच्या दुकानातलं उदाहरण घ्यायचं तर दहा ग्रॅमचा तोळा धरून एक तोळा चांदीत एक तोळा सोन्याच्या जवळपास पावणेदोन ते दोनपट अणू असतात, कारण चांदीचा अणू १०८ आणि सोन्याचा १९७. वजन तेच, नग वेगळे.

हे नग जुळवायची एवढी धडपड कशासाठी? कारण अणूंची देवाणघेवाण नगावर चालते. कोळसा जळतो तेव्हा कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू लागतात, तेव्हा कुठे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, म्हणजे एकमेकांना धरून राहिलेल्या अणूंचा गट, होतो. ‘एक किलोला दोन किलो’ असं ते कधीच नसतं. वजनात बघाल तर १२ ग्रॅमला ३२ ग्रॅम, वरवर काही अर्थ न लागणारं प्रमाण. मोलमध्ये बघितलं की लगेच एकास एक: कार्बनचा एक मोल, ऑक्सिजनच्या दोन-दोन अणूंच्या रेणूंचा एक मोल.

‘कोण किती पट जड’ हे मात्र कोणी आणि कसं शोधलं, हा भाग मला फार आवडतो. १८११ साली इटलीतल्या तुरिन भागात राहणाऱ्या ॲमेडिओ ॲव्होगॅड्रो यांनी एक विधान मांडलं: तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखीच असते. हे खरं मानलं की काट्याचं काम सोपं होतं. एकाच बाटलीत आधी हायड्रोजन भरून तोला, मग ऑक्सिजन भरून तोला. ऑक्सिजन १६ पट जड भरतो. बाटलीतले रेणू दोन्ही वेळा तेवढेच, म्हणजे ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या १६ पट जड. रेणू कोणी पाहिला नाही, मोजला नाही, तरी त्याचं तुलनेतलं वजन हाती आलं.

पुढची जवळपास पन्नास वर्षं या विधानाकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. ऑक्सिजनचे दोन सारखेच अणू एकमेकांना धरून रेणू बनवतात, ही गोष्ट त्या काळच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हती. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टननी पाण्याच्या रेणूत एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरलं होतं, त्यामुळे ऑक्सिजनच्या अणूचं वजन निम्म्यावर यायचं आणि पुढची सगळी गणितं चुकायची. एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रं पुस्तकांत छापली जात होती. शेवटी १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुह इथे रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. तिथे स्तानिस्लाओ कानिझारो यांनी आपल्याच देशातल्या ॲव्होगॅड्रोंचं ते जुनं विधान पुन्हा मांडलं, आणि त्यांची पुस्तिका तिथे आलेल्यांच्या हातात पडली. पुढे मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला हजर होते. अणुवस्तुमानांचा गोंधळ तिथून निस्तरायला लागला. ॲव्होगॅड्रो मात्र १८५६ मध्येच वारले होते.

वर्गात मला हमखास विचारलं जातं, ‘ॲव्होगॅड्रोंनी एवढे रेणू मोजले कसे?’ त्यांनी मोजलेच नाहीत. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्या त्यांना कधीच माहीत नव्हती. नग सारखे आहेत एवढंच ते सांगत होते, नग किती हा प्रश्न पुढच्या पिढ्यांचा.

आता तो आकडा पुढ्यात घ्यायला हरकत नाही. एका मोलमध्ये ६०,२२,१४,०७६ आणि त्यापुढे पंधरा शून्यं एवढे कण असतात. थोडक्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. आपल्याकडे मोठ्या संख्यांना नावांची कमतरता नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत अशी चढत चढत जी नावं दिली आहेत, त्यांत शेवटचं परार्ध. १ वर १७ शून्यं. मोलमधली संख्या त्या परार्धाच्याही पुढची: साठ लाख परार्ध. आणि एवढे पाण्याचे रेणू मावतात कुठे, तर १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे साडेतीन छोट्या चमच्यांत. तो चमचा हातात धरून मुलांना दाखवावा. फळ्यावरच्या शून्यांनी जे होत नाही, ते त्या चमच्याने होतं.

हा आकडा नेमका एवढाच का? यात निसर्गाचं काही गूढ नाही. ‘हायड्रोजनच्या १ ला १ ग्रॅम’ असं आपण ठरवलं म्हणून तो एवढा आला. अणूंची वजनं ज्या इवल्याशा एककात सांगतात त्याला डाल्टन म्हणतात, आणि एका ग्रॅममध्ये जितके डाल्टन मावतात तीच ही संख्या. जगाने ग्रॅमऐवजी आपला जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा धरला असता तर संख्या तेवढ्या पटीने मोठी झाली असती, आणि रसायनशास्त्राचं काहीही अडलं नसतं.

मोल हा शब्दही ऐकून घ्या, कारण मराठीत तो मुलांना चकवतो. मोलाचा सल्ला, अनमोल ठेवा, मोलमजुरी, या आपल्या मोलशी त्याचा संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मोलेस’ म्हणजे ढीग किंवा मोठा भार. त्यावरून रेणूचा युरोपीय शब्द ‘मॉलेक्यूल’ आला आणि त्यावरून १८९० च्या दशकात विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी ‘मोल’ काढला. गंमत अशी की ऑस्टवाल्ड यांचा तेव्हा अणूंवरच विश्वास नव्हता. त्यांना मोल हवा होता तो हिशेबासाठी, वजनं जुळवण्यासाठी. अणू न मानणाऱ्या माणसालाही मोलशिवाय चालत नव्हतं, यावरून ही कल्पना किती कामाची आहे ते कळावं.

त्यांचं मत बदललं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटी, आणि त्यात झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. पेरँ यांनी गॅम्बोज नावाचा पिवळा डिंक घेतला. आपल्या कोकमाच्या भाऊबंद झाडांपासून तो मिळतो. हा डिंक पाण्यात घोळवला की त्याचे अतिसूक्ष्म गोल कण तरंगतात. पेरँ यांनी त्यांतले एकाच आकाराचे कण वेगळे काढले, थेंबभर पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या उंचीवर किती कण दिसतात ते मोजत बसले. तळाजवळ १०० कण असले तर ३० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर ४७, आणखी ३० वर २३, त्याहून ३० वर १२. डोंगर चढताना हवा विरळ होत जाते, तसे ते कण वर वर विरळ होत होते. हवा निम्मी व्हायला साडेपाच किलोमीटरच्या आसपास चढावं लागतं, इथे तेच ३० मायक्रोमीटरमध्ये घडत होतं, कारण हे कण हवेच्या रेणूंपेक्षा प्रचंड जड. किती पट जड, हे या दोन उंचींच्या तुलनेतून निघतं. कणाचं वजन त्याच्या आकारावरून आणि घनतेवरून आधीच माहीत होतं. म्हणजे रेणूचं वजन हाती आलं, आणि मग एका मोलमध्ये रेणू किती हेही. त्यांचं उत्तर आजच्या आकड्याहून थोडं जास्त होतं, पण अंदाज नव्हे, मोजणी होती. १९०९ मध्ये या संख्येला ॲव्होगॅड्रोंचं नाव द्यावं असं सुचवलं तेही पेरँ यांनीच. १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

अलीकडच्या काळात हीच मोजणी सिलिकॉनच्या गोळ्यावर झाली. जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चा (म्हणजे सुमारे २८ डाल्टन वजनाच्या सिलिकॉन अणूंचा), एक किलोचा, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा, आरशासारखा घासलेला गोळा. आंब्याच्या पेट्या ट्रकमध्ये एकावर एक रचल्या असतील तर ट्रकची आणि पेटीची मापं घेऊन पेट्या किती ते सांगता येतं. स्फटिकातले अणूही तसेच रचलेले असतात. क्ष-किरणांनी त्यांच्यातलं अंतर मोजायचं, गोळ्याचं आकारमान मोजायचं आणि भागाकार करायचा. त्यानंतर २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच बदलली. आधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवर टेकलेली होती. आता वर दिलेली संख्या हीच व्याख्या. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एवढे.

आता हे वापरून बघू. रीत एवढीच: वजनाला एका मोलच्या वजनाने भागलं की मोल मिळतात, आणि मोलला त्या संख्येने गुणलं की कण मिळतात. एका मोलचं वजन म्हणजे रेणूतल्या अणूंच्या वजनांची बेरीज, ग्रॅममध्ये.

स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा घ्या. त्याच्या सूत्रात सोडियम २३, हायड्रोजन १, कार्बन १२ आणि तीन ऑक्सिजनचे ४८. बेरीज ८४. ढोकळ्यात एक लहान चमचा, म्हणजे ४.२ ग्रॅम सोडा घातला असं समजू. ४.२ भागिले ८४, म्हणजे ०.०५ मोल. पुरेसं आंबट मिळालं तर सोड्याच्या प्रत्येक नगातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो, म्हणजे वायूही ०.०५ मोल. २५ अंश सेल्सिअसला, नेहमीच्या दाबाखाली वायूचा एक मोल २४.५ लिटर जागा घेतो. म्हणजे त्या चिमूटभर पांढऱ्या पुडीतून सव्वा लिटरच्या आसपास वायू निघतो. ढोकळा फुगतो तो यावर.

आंबट किती पुरेसं? निर्जल सायट्रिक ॲसिडचा, म्हणजे लिंबूसत्त्वाचा, एक रेणू सोड्याचे तीन नग संपवतो. म्हणून ०.०५ मोल सोड्याला ॲसिड लागतं ०.०१६७ मोल. त्याचा एक मोल १९२ ग्रॅमचा, म्हणजे ३.२ ग्रॅम. ‘जेवढा सोडा तेवढं लिंबूसत्त्व’ असं घातलं तर आंबट उरणार. आणि अजिबात आंबट नसेल तर? नुसत्या उष्णतेने सोड्याच्या दोन नगांमागे वायूचा एकच रेणू सुटतो. फुगणं निम्म्यावर येतं आणि मागे राहतो तो धुण्याचा सोडा. ढोकळ्याला कधीकधी साबणासारखी चव येते, ती याची. पाककृतीतलं प्रमाण आजीच्या हाताला माहीत होतं, पण त्या प्रमाणामागे नगांचा हा मेळ आहे, हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता.

एक चूक मात्र सतत होते, तिच्याकडे लक्ष द्या. ‘ऑक्सिजनचा एक मोल’ एवढंच म्हटलं तर अर्थ पुरा होत नाही. अणूंचा असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२ ग्रॅम. ‘एक डझन’ म्हटल्यावर चपला की चपलांचे जोड हे सांगावं लागतं, तसं. मिठात तर रेणूच नसतो, सोडियम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, असतात, म्हणून तिथे सूत्राचे नग मोजायचे. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक मोलला २२.४ लिटर लावून मोकळं होणं. तो आकडा फक्त वायूंचा, तोही शून्य अंशाला आणि एक वातावरण दाबाला. पाण्याच्या एका मोलला साडेतीन चमचेच पुरतात.

मिठातले हे आयन वेगळे मोजणं किती महत्त्वाचं असतं ते दवाखान्यात दिसतं. सलाईनच्या बाटलीत लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, आणि ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत लिटरला ५० ग्रॅम ग्लुकोज. एकात नऊ, एकात पन्नास, आणि दोन्ही शिरेतून चालतात. कसं काय? रक्तपेशीच्या पातळ आवरणातून पाणी कुठल्या बाजूला ओढलं जाईल, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, त्यांच्या वजनावर नाही. ९ ग्रॅम मीठ भागिले ५८.४ म्हणजे ०.१५४ मोल. ते पाण्यात सुटून सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात, म्हणून कण दुप्पट, ०.३०८ मोल. ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅमचा आणि त्याचा रेणू तुटत नाही, म्हणून ५० ग्रॅममध्ये ०.२७८ मोल. दोन्ही आकडे रक्तातल्या कणांच्या जवळपासचे, जे लिटरला ०.२९ मोलच्या आसपास असतात. नुसतं पाणी शिरेत गेलं तर ते पेशींत घुसून त्या फुगतील, फुटतील. कधी संधी मिळाली तर सलाईनच्या बाटलीवरची बारीक छपाई वाचा. सोडियम १५४, क्लोराइड १५४ असे आकडे तिथे असतात, मिलिमोलच्याच हिशेबातले. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग.

रक्तातल्या साखरेचंही असंच. आपल्याकडचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर असा वजनात येतो, इंग्लंडमधला मिलिमोल प्रति लिटर असा नगांत. तिकडे राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने उपाशीपोटी साखर तपासली आणि रिपोर्टवर ५.४ बघून मामीने इकडून घाबरून मला फोन केला. इतकी कमी साखर, पोरगी चक्कर येऊन पडेल, असं त्यांना वाटलं. मी त्यांना फोनवरच गणित सांगितलं. ग्लुकोजचा एक मिलिमोल म्हणजे १८० मिलिग्रॅम, तो लिटरला. डेसीलिटर हा लिटरचा दहावा भाग, म्हणून १८. कोलेस्टेरॉलला हा १८ चालायचा नाही, त्याचा रेणू जड, तिथे ३८.७ ने गुणावं लागतं, तेही सांगून ठेवलं. मग मामींनी गॅसजवळच्या कॅलेंडरवर पेनने ५.४ गुणिले १८ मांडलं. ९७ आले.